करामातल्या सात खुर्च्या

मी बावीस वर्षं दुबईत पापं शिकवली. रीतसर फी घेऊन, दर शुक्रवारी सकाळी साडेनऊ ते साडेअकरा. करामा भागातल्या एका जुन्या इमारतीत खाली कॅफेटेरिया, पहिल्या मजल्यावर व्हिसाचे फॉर्म भरून देणारं टायपिंग सेंटर आणि दुसऱ्या मजल्यावर आमचा क्लास. घरून निघताना माझा नवरा श्रीकांत गाडीची किल्ली बोटावर फिरवत विचारायचा, "आज कोणतं पाप?" मी म्हणायचे, "मत्सर," नाहीतर "आज लोभ संपवून टाकते." आम्ही राहतो त्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या लिफ्टमध्ये हा संवाद ऐकून शेजारच्या एका बाईंनी बरेच दिवस आमच्याशी बोलणं टाकलं होतं. आमची मुलगी ऋचा तर कानावर हातच ठेवायची. "आई, प्लीज, नॉट इन द लिफ्ट!"

खुलासा करते. एका भारतीय विद्यापीठाची इंग्रजीची बी.ए. बाहेरून करणाऱ्या नोकरदारांना मी शिकवत असे. त्यात एक पेपर होता, मध्ययुगीन इंग्रजी काव्याचा. सहाशे वर्षांपूर्वीच्या कविता, बहुतेक रूपककविता, भाषा अशी की खुद्द इंग्रजालाही शब्दकोश लागावा. इंग्लंडात त्या आता किती लोक वाचतात मला ठाऊक नाही. आमच्याकडे मात्र अल कुसैसची नर्स, शारजाचा ड्राफ्ट्समन, कार्गो कंपनीतली टेलिफोन ऑपरेटर अशी मंडळी आठवडाभर राबून सुट्टीच्या दिवशी त्या वाचायला जिने चढून येत. कारण साधं होतं. पेपर कंपल्सरी होता. त्याला घाबरून सगळे तो शेवटी ठेवत, आणि मग त्याच्यापायी पदवी अडून बसे.

या कवितांचा साचा अवघड नाही. कवी ओढ्याकाठी कुठेतरी आडवा होतो, त्याला झोप लागते आणि स्वप्न पडतं. स्वप्नात गुण आणि दुर्गुण माणसं होऊन त्याला भेटतात. दया बाई होऊन येते, क्रोध दात-ओठ खात येतो, आळस सगळ्यांच्या शेवटी पोचतो. चर्च येतं, मरण येतं, माणसाचा आत्मा वाट चुकून हिंडत असतो. शेवटी सातही पापं रांगेत उभी राहून आपापली कबुली देतात आणि कवी जागा होतो. आपल्याकडे सहा रिपू, त्यांच्याकडे सात पापं. आपला मोह त्यांच्या यादीत नाही, आणि त्यांचे खादाडपणा आणि आळस आपल्या यादीत नाहीत. आपण त्या दोघांना शत्रू मानलेलं नाही हे मी वर्गात सांगितलं की मराठी विद्यार्थी समाधानाने मान हलवत.

या कवींच्या झोपेवर पहिला आक्षेप घेतला तो सातारच्या शिंद्यांनी. अल कुसैसमधल्या एका गोदामावर ते सिक्युरिटी सुपरवायझर होते. पन्नाशीचे, मिशा भरघोस, वही कायम कव्हर घातलेली. तिसऱ्या आठवड्यात ते उभे राहिले.

"मॅडम, हा पण झोपला?"

"हो. स्वप्न पडायला झोपायलाच हवं ना?"

"मागच्या आठवड्यातला झोपला, त्याच्या आधीचा झोपला. आमच्याकडे एकदा जरी झोपला तरी खलास, सरळ वॉर्निंग लेटर."

सरावपरीक्षेत त्यांनी लिहिलं की कवी घटनेच्या वेळी झोपेत असल्याने त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. मी त्यांना दोन मार्क जास्त दिले. इतका स्वतंत्र विचार माझ्या एम.ए.च्या वर्गातही कुणी केला नव्हता.

माझी स्वतःची एक पद्धत होती आणि तिचा मला अभिमान होता. वर्गासमोर मी सात पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीने मांडायची आणि प्रत्येकीच्या पाठीला दोऱ्याने पाटी अडकवायची: गर्व, मत्सर, क्रोध, लोभ, आळस, खादाडपणा, वासना. दर आठवड्याला कुणीतरी एकाने खुर्चीत बसायचं आणि ते पाप होऊन बोलायचं. मी दुबईत कुठे राहतो, काय करतो, माझं कुणावाचून अडतं. मत्सर डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहतो हे एकमताने ठरलं, कारण तिथे प्रत्येकाला शेजाऱ्याची गाडी खिडकीतून दिसते. मी तिथेच राहते हे ठाऊक असूनही ठरलं. खादाडपणा हॉटेलांच्या ब्रंचला सापडतो. आळसाच्या खुर्चीत मात्र कुणी बसायला तयार होईना. शेवटी एक केरळी नर्स बसली आणि म्हणाली, "मॅडम, मेरा वीझा रिजेक्ट हो गया." सगळा वर्ग खो-खो हसला. बारा-बारा तासांच्या ड्युट्या करणारी माणसं ती. असं हसत-हसत त्यांना ते अवघड इंग्रजी समजत गेलं आणि माझा निकाल नेहमी चांगला लागला.

क्लासचे मालक नासरभाई मूळचे हैदराबादचे, भले गृहस्थ. धार्मिक मजकुराची त्यांना जरा धास्ती असे. दारातून डोकं घालून सांगायचे, "मॅडम, ये चर्च-बिर्च वाला पोर्शन थोडा आहिस्ता पढ़ाइए. किसी का दिल न दुखे." मी म्हणायचे, "नासरभाई, सिलॅबस में है." मग ते घड्याळाकडे बोट दाखवायचे. साडेअकराला वर्ग सुटलाच पाहिजे, कारण त्यांना जुम्म्याच्या नमाजाला जायचं असे. हिंदू बाई, ख्रिस्ती कविता आणि नमाजाच्या वेळेवर सुटणारा वर्ग, या मांडणीत मला कधी काही विचित्र वाटलं नाही. इथे सगळ्यांचंच असं चालतं. तेव्हा सुट्टी शुक्रवारी असल्यामुळे ख्रिस्ती लोकही आपली रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, शुक्रवारीच ऐकत.

नासरभाईंचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

या कवितांमध्ये त्या काळच्या पाद्र्यांवर सडकून टीका असते. पैसे घेऊन पापं माफ करणारे, शिकारीला जाणारे, गरिबाच्या अंत्यविधीला न फिरकणारे पाद्री. परीक्षेत यावर एक प्रश्न ठरलेला, सोळा मार्कांचा. तो शिकवायच्या दिवशी मी आठवी खुर्ची मांडायची. पाटी: फादर. तिच्यात मात्र मी स्वतः बसायची. पोटावर उशी बांधून, ओढणीचा झगा करून. घोड्याऐवजी माझा फादर लँड क्रूझरमधून यायचा, गरीब विधवेला काच खाली न करताच आशीर्वाद द्यायचा आणि क्षमापत्राचे पैसे क्रेडिट कार्डावर घ्यायचा. लोक आधीच्या बॅचवाल्यांकडून ऐकून त्या दिवसाची वाट बघायचे. शिंदे तर मिशीला पीळ देत हसून-हसून डोळे पुसायचे. बावीस वर्षांतला माझा सगळ्यात गाजलेला तास तो.

त्या वर्गात दुसऱ्या रांगेत फिलोमिना बसायची. वसईची, तिशी ओलांडलेली, अल कुसैसमधल्या एका शाळेत केजीच्या वर्गात सहायिका. चाळीस मुलांचे डबे उघडायचे, नाकं पुसायची, चड्ड्या बदलायच्या. माझ्याशी ती मराठीत बोले. नवरा अंतोन एका हॉटेलात मेजवान्यांच्या विभागात कामाला, दोन मुली. शुक्रवारी सकाळची मिस्सा आटपून ती थेट वर्गात येई, कपाळावर घाम, पर्समध्ये जपमाळ. अभ्यासू होती, अक्षर मोत्यासारखं, वर्गात बोलणं जेमतेम.

फिलोमिना या पेपरात दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा थोडक्यात.

दुसऱ्यांदा झाली तेव्हा शाळेने तिला सांगितलं होतं की येत्या जूनपर्यंत पदवी हातात असेल तर वर्गशिक्षिका करू, नसेल तर सहायिकेची जागाही पुढच्या वर्षी ठेवता येणार नाही. अंतोनच्या एकट्याच्या पगारात दोन मुलींना इथे ठेवणं होणार नव्हतं. तिने मुलींना घेऊन वसईला परत जायचं आणि अंतोनने हॉटेलच्या कामगारांच्या खोलीत सहा जणांबरोबर राहायचं, असं त्यांच्या घरात बोलणं सुरू झालं होतं. एकच पेपर आणि एकच संधी उरली होती.

मी चिडले होते. नापास व्हावी अशी ती मुलगी नव्हती. विद्यापीठाकडून उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवता येते, ती मी तिला मागवायला लावली. ती आली तेव्हा वर्ग सुटल्यावर आम्ही दोघी बसून पानं उलटायला लागलो. पहिलं उत्तर उत्तम. दुसरं उत्तम. मग वर 'प्रश्न तिसरा' असं लिहिलेलं आणि खाली पूर्ण कोरं पान. पुढे चौथा, पाचवा, व्यवस्थित. पहिल्या वर्षीची झेरॉक्सही तिने आणली होती. तिच्यातही तेच. पाद्र्यांचा प्रश्न, आणि कोरं पान.

"वेळ पुरला नाही का?"

"पुरला ना, मॅम. शेवटची वीस मिनिटं मी नुसती बसून होते."

"मग? उत्तर येत नव्हतं?"

"येत होतं. तुमच्या नोट्स पाठ आहेत मला."

"फिलोमिना, सोळा मार्क! तुला कळतंय का तू काय सोडून आलीस?"

ती पर्सच्या चेनशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "फादर लोकांबद्दल तसं मी कसं लिहू, मॅम?"

मला आधी हसू आलं, मग राग. मी म्हटलं, "अगं, सहाशे वर्षांपूर्वीचे पाद्री ते! तुझ्या वसईच्या फादरांचा काय संबंध? आणि तुझं मत कुणी विचारलंय? कवीने काय म्हटलंय ते उतरवायचं आणि मोकळं व्हायचं."

"उतरवलं तरी हात माझाच ना?"

मी पुन्हा काही बोलणार तेवढ्यात तिनेच सांगायला सुरुवात केली, खाली मान घालून, जरा भरभर. तिची थोरली मुलगी इथेच दुबईत, सातव्या महिन्यात झाली. अंतोनला रजा नव्हती. मुलगी पाच आठवडे काचेच्या पेटीत होती आणि फिलोमिना एकटी बाहेर बाकावर. चर्चमधले एक फादर संध्याकाळची मिस्सा उरकून रोज यायचे. बसने यायचे, दोन बस बदलून. काचेबाहेर उभं राहून प्रार्थना म्हणायचे आणि पुन्हा बसने परत जायचे. कधी तिला खायला पाव आणायचे.

"तुम्ही वर्गात त्यांना लँड क्रूझरमध्ये बसवलंत," ती म्हणाली. "फार छान करता तुम्ही, मॅम. मीपण हसले सगळ्यांबरोबर. मग मेट्रोत रडले."

मला कुणी मुस्काटात मारली असती तरी इतकं लागलं नसतं. ही मुलगी दोन वर्षं दुसऱ्या रांगेत बसून माझा तो तमाशा बघत होती, मिस्सा ऐकून आल्या-आल्या. मी तिच्या हसण्याकडे बघून आणखी रंगात येत होते. तिने तक्रार केली नाही, वर्ग बदलला नाही. फक्त पान कोरं सोडलं, आणि त्याची किंमत स्वतः भोगली.

गाडीत बसल्यावर श्रीकांतने सवयीने विचारलं, "मग? आज कोणतं पाप झालं?" मरीनाच्या सिग्नलला त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि एसी कमी केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या कविता पुन्हा वाचायला बसले. पुन्हा म्हणायचं कशाला, खरं सांगते, कित्येक वर्षं मी मूळ कविता वाचलीच नव्हती. मी माझ्याच नोट्स वाचत आले होते. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. परीक्षेला काय येतं त्यावर लाल रेघ मारायची आणि उरलेलं सोडून द्यायचं. पाद्र्यांच्या टीकेचा भाग परीक्षेला येतो. तो संपल्यावर पुढच्या चाळीसेक ओळींवर माझ्या पुस्तकात पेन्सिलने काट मारलेली होती आणि बाजूला माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'येत नाही.'

त्या चाळीस ओळी मी वाचल्या. ज्याचं नावही कुणाला ठाऊक नाही अशा कवीची ती कविता. त्याच्या स्वप्नात चर्च एक म्हातारी बाई होऊन येते. तिच्याच मुलांनी तिचं धान्य खाऊन टाकलंय, घरभर चिखल करून ठेवलाय आणि मुलं शिकारीला निघून गेली आहेत. हा कवी उंबऱ्याबाहेर उभा राहून त्या मुलांच्या नावाने शिव्यांची लाखोली वाहतो. म्हातारी सगळं ऐकून घेते आणि म्हणते, बाहेर उभं राहून माझ्या पोरांना नावं ठेवणारे पुष्कळ आहेत रे. तुला घराची एवढी काळजी असेल तर आत ये. झाडू दारामागे आहे. कवी आत जातो, झाडू घेतो आणि झाडायला लागतो. झाडताना त्याला दिसतं की त्या चिखलात त्याच्याही पावलांचे ठसे आहेत.

हे मी तोवर एकाही विद्यार्थ्याला शिकवलं नव्हतं.

मी फिलोमिनाला फोन केला. म्हटलं, "पुढच्या शुक्रवारी मी तुझ्याबरोबर चर्चला आले तर चालेल का? वर्गाच्या आधी." ती गडबडली. म्हणाली, "या ना, मॅम. पण गर्दी असते हं."

गर्दी म्हणजे किती, त्याची मला कल्पना नव्हती. दुबईत इतकी वर्षं राहून मी त्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. मल्याळी, तमिळ, कोंकणी, फिलिपिनो, प्रत्येकाची आपल्या भाषेतली मिस्सा, एकीची गर्दी बाहेर पडते न पडते तोवर दुसरी आत. आत जागा न मिळालेल्यांसाठी अंगणात पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, अगदी माझ्या वर्गातल्यासारख्या. मी मागच्या रांगेत बसले. पुढे काय चाललंय ते फारसं कळत नव्हतं, पण माझ्या शेजारी युनिफॉर्ममधला एक सफाई कामगार गुडघ्यांवर बसून हात जोडून होता, ते मी बघत राहिले.

मिस्सा संपली. लोक उठले, खुर्च्या अस्ताव्यस्त झाल्या. एक उंचसे, सावळे फादर झगा जरा वर खोचून स्वतः खुर्च्या ओळीत लावायला लागले. मदतीला एक फिलिपिनो मुलगी. पुढच्या मिस्सेची माणसं फाटकाशी थांबलेली. वेड्यावाकड्या खुर्च्या दिसल्या की मास्तरणीचा हात स्वस्थ बसत नाही. मी उठले आणि दुसऱ्या टोकाकडून ओळ सरळ करत आले. मधोमध आमची गाठ पडली. फादर हसले. "थँक यू, सिस्टर," म्हणाले आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा करत पुढे गेले.

"हेच का?" मी फिलोमिनाला विचारलं. "बसने येणारे?"

"नाही, मॅम. त्यांची बदली झाली. हे नवीन आहेत."

"थांब, मी यांनाच विचारते. तू लिहिलंस तर काय बिघडणार आहे ते हेच तुला सांगतील."

तिने माझं मनगट घट्ट धरलं. "नको, मॅम. प्लीज. त्यांनी परवानगी दिली म्हणून लिहायचं, तर ते माझं कसं होईल?"

जन्मभर मी समोरच्याचं वाक्य पूर्ण करत आले. त्या दिवशी गप्प बसले. आम्ही भिंतीच्या सावलीत दोन खुर्च्या ओढल्या आणि मी तिला त्या चाळीस ओळी वाचून दाखवल्या, अडेल तिथे मराठीत सांगत. झाडू आला तेव्हा तिचे डोळे माझ्यावरून पुस्तकावर गेले. तिने पुस्तक हातात घेतलं, पेन्सिलची काट आणि त्यापुढचं 'येत नाही' वाचलं.

"हे तुम्ही वर्गात का नाही घेतलं?"

"परीक्षेला येत नाही म्हणून."

"मॅम," ती म्हणाली, "मला तर हेच आलं असतं."

मी तिची माफी मागितली. सरळ शब्दांत, फाटे न फोडता. ती "अहो मॅम, अहो मॅम" करत राहिली. मग आम्ही बसने करामाला गेलो, कारण वर्गाला उशीर होत होता.

त्या दिवशी वर्गात कुणाची पाळी होती ते आठवत नाही. मी सात खुर्च्या मांडल्या, आठवी 'फादर'ची पाटी पिशवीतून काढून फाडून टाकली आणि 'गर्व' लिहिलेल्या खुर्चीत जाऊन बसले. इतक्या वर्षांत सातांपैकी एकाही खुर्चीत मी बसले नव्हते. समोर उभं राहून बाकीच्यांना बसवत होते. वर्ग हसायच्या तयारीत होता, उशी कुठे आहे ते शोधत होता.

मी म्हटलं, "मी गर्व. मी बाई होऊन दर शुक्रवारी इथे येते. मला सगळं येतं असं मला वाटतं. मी दुसऱ्याच्या देवघरात चपला घालून शिरले आणि लोक हसले म्हणून पुन्हा-पुन्हा शिरत राहिले." फिलोमिनाचं नाव मी घेतलं नाही. पण वर्गात बोलून दाखवलं की पाद्र्यांचा तो तास मी चुकीचा घेतला. कवी नुसता बाहेर उभा राहून नावं ठेवत राहिला नव्हता, आत जाऊन झाडायला लागला होता, आणि ते सांगायचं मी गाळलं. मग त्या चाळीस ओळी शिकवल्या.

कुणी हसलं नाही. शिंदे उठून उभे राहिले, ते प्रश्न विचारणार असं वाटलं. "मॅडम," ते म्हणाले, "मीपण लय हसलो होतो. माझंपण लिहून घ्या त्यात." आणि खाली बसले. दारातून नासरभाईंनी डोकं घातलं. मला खुर्चीत बसलेली बघून घाबरले. "क्या हुआ मॅडम, तबियत ठीक है? पानी मँगवाऊँ?" मी म्हटलं, "ठीक है नासरभाई. आज आहिस्ता पढ़ा रही हूँ."

परीक्षेच्या दिवशी मी फिलोमिनाला काही विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. निकाल लागेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते श्रीकांतला विचारा. निकाल लागला आणि ती पास झाली. तिचा फोन आला तेव्हा मागे दोन मुली ओरडत होत्या, "ममा पास्ड! ममा पास्ड!" आणि अंतोन मला ऐकू जावं म्हणून मोठ्याने, "मॅडम, थँक यू हां, थँक यू," म्हणत होता. पदवीवर शिक्के मारून घेण्याची इथली सगळी यातायात जूनच्या आत उरकली. आज ती केजीची वर्गशिक्षिका आहे. मुली इथेच शिकतात.

पुढे सुट्टीचे वार बदलले, अभ्यासक्रम बदलला आणि मागच्या वर्षी तो पेपरच गेला. माझंही वय झालं होतं. निरोपाच्या दिवशी नासरभाईंनी बिर्याणी मागवली. शिंदे साताऱ्याला परत गेलेत, त्यांनी व्हिडिओ कॉल लावला आणि आपला बी.ए.चा फ्रेम केलेला कागद कॅमेऱ्यापुढे धरून ठेवला. या वर्गाने मला जे दिलं ते मी मोजू शकत नाही. आयुष्यभर पुरतील एवढ्या कविता मी इथे शिकवल्या, पण वाचायला शिकले ते या माणसांमुळे. त्यांचे उपकार माझ्यावर आहेत आणि ते मला मान्य आहेत.

फिलोमिना उशिरा आली, शाळेतून थेट. तिने माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. आत उत्तरपत्रिकेची झेरॉक्स. पास झाल्यावरही तिने पैसे भरून मागवली होती. नापास झालेले मागवतात, पास झालेलं कुणी मागवताना मी पाहिलेलं नाही.

मी सरळ तिसरा प्रश्न काढला. अडीच पानं भरून उत्तर, तेच मोत्यासारखं अक्षर. पाद्र्यांचे दोष तिने लिहिले होते, एकही न लपवता. मग म्हातारी, उंबरा, झाडू. आणि सगळ्यात शेवटी, उत्तर संपल्यावर, इंग्रजीत एक ओळ जास्तीची, तिचा अर्थ असा: आमच्या टीचर आमच्या चर्चच्या नाहीत, त्याही आधी बाहेर उभ्या राहून हसत होत्या, पण मग त्या आत आल्या आणि कामाला लागल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्या ओळीखाली परीक्षकाने लाल रेघ ओढली होती आणि समासात शेरा मारला होता: 'विषयाला धरून नाही.' हाच शेरा मी जन्मभर शेकडो वह्यांवर मारला आहे.

घरी आल्यावर श्रीकांतने ते पान दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. म्हणाला, "किती दिलेत?"

"सोळापैकी अकरा."

"एक तरी जास्त द्यायला हवा होता."

"नाही रे," मी म्हटलं, "ती ओळ खरंच विषयाला धरून नाही." आणि ते पान माझ्या पुस्तकात, त्या चाळीस ओळींजवळ ठेवलं.